इंजेक्शन दिलं होतं. पण किती वाजता?

गेल्या महिन्यात पापडीच्या बाजारात सुके बोंबील निवडत होते. मागून हाक आली, "ओ सिस्टर!" वळून पाहिलं तर आमचे फुलवाले काका, सोबत काकू. काका चालताना अजूनही उजवा हात जांघेपाशी धरतात. सवय लागून गेलीय.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघता निघता काका म्हणाले, "सुनेचं सिझर ठरलंय पुढच्या महिन्यात. दुसऱ्या हॉस्पिटलात. म्हणून जरा धास्ती वाटते. माझ्या वेळेला ते आधीचं इंजेक्शन तुम्ही लोकांनी दिलंच होतं ना? तरी सेप्टिक झालं, म्हणून विचारतो."

मी म्हटलं, "हो काका, दिलं होतं."

खोटं नव्हतं. फाइलवर बरोबरची खूण आहे, खाली माझी सही आहे. पण घरी येईपर्यंत ते "हो" घशात अडकून राहिलं. त्यासाठीच ही पोस्ट. लांब आहे, सवडीने वाचा. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर आजच वाचा.

ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी: मी वसईतल्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची इनचार्ज सिस्टर आहे. चोवीस वर्षं झाली. हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांची नावं लिहिणार नाही, कृपया विचारूही नका.

काकांची सोनचाफ्याची वाडी. उभं आयुष्य पहाटेच्या लोकलने फुलांच्या टोपल्या दादरला नेल्या. उचलून उचलून हर्निया झाला. पौषात लग्नं नसतात, फुलांना उठाव कमी, तेवढ्यात उरकून घेऊ म्हणून जानेवारी २०१९ मध्ये दाखल झाले. हर्नियाचं ऑपरेशन म्हणजे कमकुवत जागेवर जाळी बसवायची. जाळी ही बाहेरची वस्तू. तिच्यावर जंतू चिकटले की सहजासहजी हटत नाहीत. म्हणून चीर देण्याआधी अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन देतात. आजार बरा करायला नव्हे, आजार होऊच नये म्हणून.

काकांची पहिली केस, सकाळी आठची. वॉर्डमधल्या मुलीने सव्वासातला इंजेक्शन दिलं. आमच्याकडे तशीच पद्धत होती, ओटीला पाठवायच्या आधी वॉर्डने द्यायचं. साडेसातला काका थिएटरच्या बाहेर, हिरव्या गाऊनमध्ये.

आणि सर्जन हायवेवर.

वसईकरांना पुढचं सांगायची गरज नाही. आपल्याकडचे निम्मे स्पेशालिस्ट बोरिवली-अंधेरीहून येतात. वर्सोवा पुलाच्या अलीकडे एक ट्रक बंद पडला की सगळी लिस्ट कोलमडते. नवा पूल तेव्हा व्हायचा होता. साडेआठला सरांचा फोन, "घोडबंदरला अडकलोय." साडेनऊला तोच. अकराला सर धावतपळत आले, हात धुतले, भूल दिली गेली, अकरा वीसला चीर.

चीर देण्याआधी आम्ही एक यादी मोठ्याने वाचतो. पेशंट तोच ना, बाजू तीच ना, रक्ताची सोय आहे ना. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ही यादी जगभर दिली. त्यात अँटिबायोटिकचा प्रश्न असा आहे: गेल्या ६० मिनिटांत दिलं का? आमच्या फाइलमधला कागद झेरॉक्सची झेरॉक्स. कुणीतरी कधीतरी तो नव्याने टाइप केला आणि प्रश्न आखूड केला: अँटिबायोटिक दिलं का? हो / नाही.

मी "हो" वर खूण केली.

इंजेक्शन होतं सेफ्युरॉक्झिम. हे औषध रक्तातून लवकर उतरतं. साधारण दर सव्वा ते दीड तासाला निम्मं होतं. सव्वासात ते अकरा वीस म्हणजे चार तास. म्हणजे चीर पडली तेव्हा अंगात आठवा हिस्सा उरला असेल, फार तर थोडा जास्त. आपल्याकडे पाण्याचं कसं असतं? सकाळी टाकी भरली आणि पाहुणे दुपारी आले, तर टाकी भरली होती हे सांगून भागतं का? तसंच हे.

यात नवं काही नाही. १९६१ मध्ये अमेरिकेत जॉन बर्क नावाच्या सर्जनने गिनी पिगवर प्रयोग करून दाखवलं होतं की जंतू शिरायच्या वेळी औषध आधीच अंगात असेल तर ते उत्तम काम करतं, उशीर होत जाईल तसा उपयोग घटतो आणि तीन तासांनंतर दिलेलं जवळजवळ वाया जातं. १९९२ मध्ये तिथल्याच सॉल्ट लेक सिटीच्या एका हॉस्पिटलातल्या २,८४७ पेशंटचा अभ्यास छापून आला. चीर देण्याआधीच्या दोन तासांत इंजेक्शन मिळालं त्यांच्यात जखम चिघळण्याचं प्रमाण ०.६ टक्के. दोन तासांहून आधी मिळालं त्यांच्यात ३.८ टक्के. ऑपरेशन सुरू होऊन तीन तास उलटल्यावर मिळालं त्यांच्यात ३.३ टक्के. औषध सगळ्यांना मिळालं होतं. फरक घड्याळाचा होता.

काकांची गोष्ट इथे संपली नाही. ऑपरेशननंतर त्यांना पाच दिवस अँटिबायोटिक चालू होतं. तीन प्रकारची, सलाईनमधून. का? कारण आमच्या ऑपरेशननंतरच्या ऑर्डरचा कागद छापील होता आणि त्यावर ती तीन नावं आधीच छापलेली होती, पुढे "५ दिवस". डॉक्टरने फक्त सही करायची. घरी जाताना वर आणखी गोळ्या.

बाराव्या दिवशी काका परत आले. टाके लाल, खालून पू. पू तपासायला पाठवला. तो रिपोर्ट ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल: एका बाजूला औषधांची नावं, समोर "एस" म्हणजे लागू पडेल, "आर" म्हणजे जंतू दाद देणार नाही. काकांच्या कागदावर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. खाली दोन एस, दोन्ही महागडी. त्यानंतर रोजची ड्रेसिंग, दोनदा जखम उघडून साफ करणं, शेवटी ऑगस्टमध्ये मुंबईच्या एका सरकारी हॉस्पिटलात जाळीच काढून टाकली. लग्नसराई गेली, श्रावणही गेला. काकूंची साखळी गेली.

त्या चार तासांमुळेच जाळी सडली, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काकांना साखरेचा त्रास होता, वय होतं. वेळेवर इंजेक्शन देऊनही काहींची जखम चिघळतेच. पण जे आमच्या हातात होतं ते आम्ही केलं नाही, आणि कागदावर केलं असं लिहिलं. एवढं मात्र छातीठोकपणे सांगू शकते.

आता कुणी म्हणेल, नियम माहीत नव्हता का? सगळ्यांना माहीत होता, हीच तर गंमत आहे. नर्सिंगच्या परीक्षेत मी स्वतः हे उत्तर लिहून मार्क मिळवलेत. सर्जनना माहीत होतं, भूलतज्ज्ञांना माहीत होतं. पण वॉर्डला वाटायचं, आपण दिलं, आपलं काम झालं. ओटीला वाटायचं, वॉर्डने दिलंय. सर्जनना वाटायचं, सिस्टर बघतात. घड्याळाकडे बघणं हे कुणाचंच काम नव्हतं.

आणि मी? काकांची जाळी काढल्याचं कळलं तेव्हा मी ती फाइल काढून बघितली. सव्वासात आणि अकरा वीस, दोन्ही वेळा तिथेच होत्या. मी फाइल बंद केली आणि गप्प बसले. तीन वर्षं. मध्ये कोविड आला हे खरं, पण कोविड नसता तरी मी बोलले असते याची खात्री नाही.

२०२२ मध्ये आमच्याकडे नव्या भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी केस सुरू व्हायच्या आधी विचारलं, "सिस्टर, इंजेक्शन किती वाजता दिलं?" मी म्हटलं, "दिलंय मॅडम." त्या म्हणाल्या, "दिलंय ते कळलं. किती वाजता?"

फाइलमध्ये वेळ नव्हती.

त्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर आम्ही दोघी मागच्या महिन्याच्या फाइली घेऊन बसलो. बहुतेकांवर वेळच नाही. ज्यांच्यावर होती त्यात काकांसारखे आणखी निघाले. मग मी त्यांना काकांचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, "मग हे इंजेक्शन वॉर्डमधून काढूया."

पुढचं वर्षभर जे केलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हे कुठल्याही वीस खाटांच्या हॉस्पिटलला जमेल. यात मशीन नाही, मोठा खर्च नाही.

इंजेक्शन वॉर्डने द्यायचं नाही. औषध पेशंटच्या फाइलबरोबर ओटीत येणार. सर्जन आवारात आल्याशिवाय कुपी फोडायची नाही. हायवेवरून "पोचतोच आहे" असा फोन आला तरी नाही. भूल देतानाच भूलतज्ज्ञ ते देणार. भिंतीवर पांढरा बोर्ड लावला, त्यावर दोनच वेळा लिहायच्या: इंजेक्शन ८.४०, चीर ९.०५. कुणालाही लांबून दिसतं. गुडघ्याच्या केसला मांडीला रक्त थांबवणारा पट्टा फुगवण्याआधी औषध पूर्ण गेलेलं हवं, नाहीतर ते खाली पोचणारच कसं? ऑपरेशन चार तासांच्या वर लांबलं किंवा रक्त फार गेलं, तर दुसरा डोस. ते आठवण करून द्यायचं काम माझं.

भिंतीवरच दुसरा कागद: कुठल्या ऑपरेशनला कुठलं औषध. बहुतेकांना सेफाझोलिन, जुनं साधं औषध, मोठ्या माणसाला दोन ग्रॅम. इतकं जुनं की त्याची जाहिरात करायला कुठला एमआर येत नाही. आमच्या मेडिकलमध्ये ते नव्हतंच, स्टॉकिस्टला सांगून मागवायला लागलं. पेशंटला पेनिसिलिनसारख्या औषधाने कधी पुरळ, सूज, धाप आली होती का, हे विचारून मगच द्यायचं. आणि त्याच कागदावर खाली एक यादी, ज्यांना अँटिबायोटिक लागतच नाही अशा ऑपरेशनांची. त्वचेखालची साधी गाठ काढणं वगैरे. ही यादी लावल्यावर सगळ्यात जास्त कुरकुर झाली.

सिझरचा नियमही बदलला. पूर्वी बाळाची नाळ कापल्यावर इंजेक्शन द्यायचो, औषध बाळापर्यंत जाऊ नये म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की चीर देण्याआधीच द्या, आईची जखम आणि गर्भाशय त्याने जास्त सुरक्षित राहतात. आमच्या जुन्या बाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांनी स्वतः वाचलं, मग पटलं.

तिसरं म्हणजे ब्लेड. आदल्या रात्री आमचे वॉर्डबॉय मामा पेशंटचे केस ब्लेडने काढायचे. ब्लेडने त्वचेला बारीक बारीक जखमा होतात, रात्रभरात तिथे जंतू वाढतात. केस अडचणीचे नसतील तर काढायचेच नाहीत, असतील तर क्लिपरने कापायचे. मामांना वाटलं, आपलं कामच गेलं. मग क्लिपर त्यांच्याच ताब्यात दिला, चार्जिंगसह. आता दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

सगळ्यात अवघड होतं थांबवणं. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: ऑपरेशन संपल्यावर, फक्त जखम चिघळू नये एवढ्यासाठी अँटिबायोटिक पुढे चालू ठेवायचं नाही. टाके घातले, संपलं. फुटलेला अपेंडिक्स असेल, आत आधीच पू असेल, तर गोष्ट वेगळी. तो उपचार आहे आणि तो ठरलेले दिवस घ्यायचाच. पण स्वच्छ हर्नियाला पाच दिवस कशाला?

आमचे मोठे सर भडकले. तीस वर्षांचा अनुभव, हाताला यश, पेशंट देव मानतात. त्यांचं म्हणणं मी तसंच्या तसं देते, कारण ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. म्हणाले, "हात धुवायला तुमच्याकडे टँकरचं पाणी. लाइट कधी जाईल पत्ता नाही. पेशंट घरी जाऊन ओल्या भिंतीच्या खोलीत झोपणार. आणि तुम्ही मला युरोपचे नियम सांगताय? उद्या एक केस सेप्टिक झाली तर काच कुणाची फुटणार? तुमची की माझी?"

खरंच आहे. काच त्यांचीच फुटते. नातेवाईक विचारतात, "एवढं बिल घेतलं आणि अँटिबायोटिकसुद्धा दिलं नाही?" आपणही ह्यात आहोत, बरं का. सलाईनची बाटली लटकलेली दिसली की आपल्याला उपचार चालू आहेत असं वाटतं. माझ्या सख्ख्या जावेच्या गाठीच्या वेळी तिनेच मला विचारलं होतं, "गोळ्या नाही दिल्या? नीट बघितलं ना डॉक्टरांनी?"

मॅडमनी सरांशी वाद घातला नाही. म्हणाल्या, "सर, टँकरचं पाणी वाईट असेल तर पाच दिवसांच्या इंजेक्शनने ते चांगलं होतं का? आधी पाणी बघूया." हात धुवायच्या नळाला फिल्टर लागला, टाकी धुण्याची तारीख टाकीवर लिहायला लागलो, हत्यारं निर्जंतुक झाल्याची पट्टी प्रत्येक सेटमधून काढून फाइलला चिकटवायला लागलो. मग सरांपुढे साधा करार ठेवला: तीन महिने, फक्त जाळीच्या आणि गाठींच्या साध्या केसेस. ऑपरेशननंतर अँटिबायोटिक नाही. प्रत्येक पेशंटला तिसाव्या दिवशी मी स्वतः फोन करणार, जाळीवाल्यांना नव्वदाव्या दिवशीही. लाली, पू, ताप, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात का, सगळं वहीत लिहिणार. पू वाढला तर जुना कागद परत.

तीन महिने फोन केले. आगाशीपासून कामणपर्यंत. कुणी शेतात, कुणी गाडीत लटकलेलं, "सिस्टर, विरार फास्टमध्ये आहे, नंतर करा." लोकांना नवल वाटायचं, हॉस्पिटलचा फोन आणि पैशाबद्दल नाही! पू झालेल्या केसेस वाढल्या नाहीत. कमी झाल्या असं म्हणणार नाही, छोट्या हॉस्पिटलच्या तेवढ्याशा केसेसवरून तसं म्हणता येत नाही. सर काही बोलले नाहीत. वही चाळली आणि नव्या छापील कागदावर सही केली. त्या कागदावर अँटिबायोटिकच्या जागी आता कोरी ओळ आहे. द्यायचं असेल तर डॉक्टरने हाताने नाव लिहायचं, किती दिवस ते लिहायचं आणि का ते लिहायचं. बंदी कुणावर नाही. पण "का" लिहायला लागलं की हात थबकतो.

मालक डॉक्टरांचं मेडिकलचं उत्पन्न थोडं घटलं. ते त्यांनी दोनदा बोलून दाखवलं, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यासाठी त्यांचे आभार.

सगळं गोड झालं असंही नाही. रविवारी रात्री इमर्जन्सी येते, बाहेरचे भूलतज्ज्ञ येतात, बोर्डवर वेळ लिहायची राहते. नवीन मुलगी वॉर्डला लागली की जुन्या सवयीच्या सिनियरकडून शिकून इंजेक्शन वॉर्डातच देऊन मोकळी होते. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सांगावं लागतं. नियम एकदा भिंतीवर लावला की झालं, असं होत नाही.

हे फक्त आमच्या हॉस्पिटलचं आहे का? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातल्या २० मोठ्या हॉस्पिटलांत पाहणी केली, ती जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ९,६५२ पेशंटपैकी ७१.९ टक्के अँटिबायोटिकवर होते. आणि त्यातली निम्म्याहून जास्त, ५५ टक्के, आजारासाठी नव्हे तर "होऊ नये म्हणून" दिलेली होती. ही सगळी मोठी हॉस्पिटलं, जिथे प्राध्यापक आहेत, प्रयोगशाळा आहेत. आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होमचं काय चित्र असेल, विचार करा. त्याच महिन्यात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र पाठवून सांगितलं की अँटिबायोटिक लिहिताना कारण लिहा. आमची कोरी ओळ तेच सांगते.

जास्तीच्या पाच दिवसांनी नुकसान काय, असं विचारणाऱ्यांना काकांचा तो रिपोर्ट आठवून सांगते. साधे जंतू मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. ते पेशंटच्या अंगावर घरी जातात, पुढच्या पेशंटच्या खाटेवर राहतात. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात थेट १२.७ लाख माणसं दगावली, असा लॅन्सेटमधला अंदाज आहे. काका ज्या वर्षी ड्रेसिंगच्या फेऱ्या मारत होते, तेच ते वर्ष.

आता सार्वजनिक मुद्दा. आपल्या शहरातल्या नर्सिंग होमची नोंदणी महापालिका करते आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करते. तेव्हा फायर ऑडिट बघतात, कचऱ्याचा करार बघतात, बघायलाच हवं. त्यात एक पान वाढवा. ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलने तीन गोष्टी दाखवाव्यात: अँटिबायोटिकचा लेखी तक्ता, गेल्या महिन्याच्या केसेसची इंजेक्शनची आणि चिरेची वेळ, आणि तीस दिवसांनी केलेल्या फोनची वही. शिक्षा करायला नको. नुसतं मागा. मागितलं की लोक लिहायला लागतात आणि लिहिलं की दिसायला लागतं, हे आमच्या बोर्डावरून कळलं. पालिकेच्या स्वतःच्या हॉस्पिटलांपासून सुरुवात झाली तर फारच उत्तम, कारण ज्यांना मुंबई परवडत नाही ते तिथेच जातात. नगरसेवक मंडळी ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. रस्ते-गटारांबरोबर हेही विचारा.

आणि तुमच्यासाठी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नम्रपणे विचारायचे तीन प्रश्न:

१. चीर देण्याआधीचं इंजेक्शन कोण देणार आणि कधी? ऑपरेशन लांबलं तर?

२. ऑपरेशननंतर अँटिबायोटिक चालू ठेवणार असाल तर कशासाठी, किती दिवस?

३. घरी गेल्यावर जखम लाल झाली, पू आला, ताप आला, तर रात्री कुणाला फोन करायचा?

कृपया स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. डॉक्टरांनी कारण सांगून दिलं असेल तर ठरलेले दिवस घ्या. प्रश्न विचारणं वेगळं आणि अडवणूक वेगळी. आणि डॉक्टर म्हणाले की "गरज नाही", तर "थोडं तरी लिहून द्या" असा हट्ट धरू नका.

मागच्या रविवारी मी काकांच्या वाडीवर गेले. काकूंनी चहा ठेवला. मी काकांना सांगितलं की त्या दिवशी इंजेक्शन सव्वासातला दिलं होतं आणि चीर अकरा वीसला पडली होती, आणि तो फरक काय असतो. त्यामुळेच झालं असं नाही सांगता येत, पण चूक आमची होती, आणि मला हे २०१९ लाच माहीत होतं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू उठून आत गेल्या, त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. त्यांचा राग रास्त आहे.

मग काकांनी सुनेला हाक मारली. म्हणाले, "सिस्टर काय ते प्रश्न सांगतायत, फोनमध्ये लिहून घे." तिने लिहून घेतले. मी पुन्हा एकदा वाचून घेतले तिच्याकडून.

निघताना काकांनी विचारलं, "आता वेळेवर देता ना?"

मी म्हटलं, "देतो. कधी चुकतं, पण आता लिहून ठेवतो."

तुमच्या घरातल्या ऑपरेशनच्या वेळी हे इंजेक्शन किती वाजता दिलं ते कुणी सांगितलं होतं का? नंतर किती दिवस अँटिबायोटिक चालू होतं? खाली लिहा. हॉस्पिटलचं, डॉक्टरांचं नाव नको, फक्त अनुभव. आणि कुणा सिस्टरला आमचा बोर्ड किंवा कोऱ्या ओळीचा कागद हवा असेल तर मेसेज करा, फोटो पाठवते.